एका बाटलीतले दोन जीव

आधी चपलेचा फटका ऐकू आला, मग तोमेचं रडणं.

जासिराचा डोळा तेव्हा सूक्ष्मदर्शकाला चिकटलेला होता. काचेच्या बशीत, स्पिरिटमध्ये, एक बोकडकोळी उताणा पडला होता आणि ती त्याच्या मागच्या पायावरचे काटे बघत होती. ती उठली ती खुर्ची पाडूनच उठली.

अंगणात धुण्याच्या दगडापाशी तिची सासू उभी होती, दोना झुल्मिरा, म्हणजे झुल्मिराबाई. जासिराचा दीड वर्षाचा मुलगा तोमे तिच्या काखेत, पायातली एक चप्पल दगडावर. म्हातारीच्या गालात तंबाखूच्या पिळ्याचा तुकडा होता. तो ती चावत होती आणि चोथा थुंकून पोराच्या उजव्या तळहातावर चोळत होती. हात मनगटापर्यंत तपकिरी झाला होता.

"आर्मादेरा," ती म्हणाली. "हातावर चढलेला. मी ठेचला."

आर्मादेरा म्हटल्यावर त्या खोऱ्यात कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही. केळीच्या घडात दडणारा, डिवचला की पुढचे पाय उगारून उभा राहणारा कोळी. धडधाकट गड्याला तो रात्रभर रडवतो. लहान मुलाला डसला तर विष उतरवणारी लस लागते, आणि लस होती नदीपलीकडच्या गावात. नदी कालपासून फुगलेली. जासिराचा नवरा एदिल्सन केळ्यांचा ट्रक घेऊन परवाच गेलेला, तो पुराच्या पलीकडे अडकला होता.

जासिराने पोराला घेतलं. त्याचं डोकं घामेजलं होतं, पण रडून रडूनही घाम येतोच. तिने त्याला छातीशी धरलं आणि दगडाकडे बघितलं.

"कुठे आहे तो?"

"कोण?"

"ठेचलेला. मला बघू द्या."

"तुला मेलेला कोळी बघायचाय की जिता पोरगा?" दोना झुल्मिरा म्हणाली. "आधी तराफ्याकडे चल."

म्हणणं चुकीचं नव्हतं, म्हणून ते जास्त लागलं. पण पुरात तराफ्यावर मूल घेऊन चढणं म्हणजे काय, हेही जासिराला ठाऊक होतं. मागच्या वर्षी, ज्या तारेला धरून तराफा नदी ओलांडतो ती तुटली तेव्हा दोन बैल आणि एक माणूस थेट समुद्राच्या वाटेला लागले होते. आर्मादेरा असेल तर जायलाच हवं. नसेल तर जाणं हाच मूर्खपणा. आणि कोळी कोणता हे ओळखणं, निदान हे तरी, तिला येत होतं.

बोकडकोळ्यांच्या एका कुळाचा गुंता सोडवणं हे तिचं कामच होतं. आधीच्या पंडितांनी त्यांच्या पावलांचे सांधे मोजून जाती पाडल्या होत्या. सांधा कमी-जास्त झाला की नवी जात. नराच्या मागच्या पायाला काटे आणि मादीला नाहीत, म्हणून नवरा एका नावाने आणि बायको दुसऱ्या नावाने वर्षानुवर्षं पुस्तकात नांदत होती. खरं तर बोकडकोळी हा कोळीच नव्हे. त्याला विष नाही, जाळं नाही, कंबर नाही. धरला तर बोकडासारखा वास मारणारं पाणी सोडतो, एवढंच त्याचं शस्त्र.

"दोना, ठेचला तेव्हा आवाज कसा आला? कडकन की पचकन?"

"मी काय गाणं ऐकत होते?"

"आठवून बघा ना."

"पाय उगारले होते त्याने. हे असे." म्हातारीने दोन्ही हात डोक्यावर नेले.

"अगदी पुढचे पाय? की त्यांच्या मागची जोडी?"

"अगं, जो अंगावर येतो त्याला मी आधी नंबर विचारू?"

सगळं त्या जोडीवर अडलं होतं. बोकडकोळ्याची दुसरी जोडी म्हणजे आंधळ्याच्या हातातली काठी. ती हवेत फिरवत, चाचपत तो चालतो. लांबून बघणाऱ्याला ते उगारल्यासारखंच दिसणार.

तोमेला कडेवर घेऊनच ती दगडाशी वाकली. मुंग्या आधीच पोचल्या होत्या. एक पाय तर त्या उचलून भिंतीपर्यंत घेऊन गेल्या होत्या. तिने तो त्यांच्याकडून हिसकावून घेतला. गुडघ्याच्या वर गुलाबाच्या काट्यासारखा आकडेबाज काटा. मग दगडाच्या खोबणीत धड सापडलं, एरंडीच्या बीच्या टरफलासारखं कडक, मधोमध फुटलेलं. सलग. कंबर नाही, केस नाहीत. वर एका उंचवट्यावर दोन डोळे, पाठीला पाठ लावून बसल्यासारखे.

तिचा जीव भांड्यात पडला. "बोकडकोळी आहे," ती म्हणाली. "नर. हा कुणाला काही करत नाही."

"तुझ्या पुस्तकात करत नसेल."

"दोना, याला विषच नसतं."

"मग पोरगं का रडतंय?"

"तुम्ही त्याच्या हातावर चप्पल मारलीत म्हणून."

म्हातारीने तोंड फिरवलं. जासिराला वाटलं, जिंकले. तिने तोमेचा हात नाकाशी नेला. बोकडकोळ्याचा वास एकदा बोटांना लागला की दिवसभर जात नाही, तो आला असता तर उरलीसुरली शंकाही फिटली असती. पण हाताला फक्त तंबाखूचा वास होता, उग्र, सगळं झाकून टाकणारा. डागही तपकिरी, आणि बोकडकोळ्याचा डागही तपकिरीच. ती हात धुवायला नळाकडे वळली, तेवढ्यात तोमे तिच्या खांद्यावर भडाभडा ओकला.

तिने त्याला समोर धरलं. ओठ पांढरे पडले होते. हनुवटीवरून लाळेची तार लोंबत होती, ती तुटेचना. आणि त्याने रडणं थांबवलं होतं, ते तिला सगळ्यात वाईट वाटलं.

लाळ, घाम, ओकारी. लहान मुलांना आर्मादेरा डसला की हेच होतं. दवाखान्याच्या भिंतीवरच्या तक्त्यात याच क्रमाने लिहिलेलं तिने कितीदा वाचलं होतं. तिने मान वर केली. दगडाच्या वरच, पडवीच्या वाशाला, केळीचा घड टांगलेला होता. घडात काय होतं, ते उतरवून शोधायला आता वेळ नव्हता. बोकडकोळी सापडला म्हणून आर्मादेरा नव्हताच, असं कुणी सांगितलं? ती सापडलेल्या प्राण्याचं नाव सांगू शकत होती. न सापडलेल्याचं काय?

"चला," ती म्हणाली.

म्हातारीने दुसरी चप्पलही काढली आणि अनवाणीच धावली.

तराफेवाला सेउ आनिझियो, म्हणजे आनिझियोभाऊ, काठावर पालथ्या टोपलीवर बसून पाण्याकडे बघत होता. नदी चहाच्या रंगाची झाली होती, फक्त चहा इतक्या घाईने कधी वाहत नाही.

"आज नाही," त्याने लांबूनच हात हलवला. "वरून झाडं येतायत. एखादं तारेत अडकलं की आपण गेलोच."

"आनिझियो," दोना झुल्मिरा म्हणाली, "तुझ्या आईला माझ्या आईने मोकळी केली ती अशाच पुरात. ज्या पाण्यात जन्मलास त्याला आता भितोस?"

"भितो म्हणून तर म्हातारा झालोय."

मग त्याने तोमेचं तोंड बघितलं. आणि तो दोर सोडायला लागला.

तराफा सुटला तसा तिरका झाला. वरची तार तानपुऱ्यासारखी घुमायला लागली. सेउ आनिझियो एका पायाने सुकाणू दाबून धरत होता आणि वरच्या वळणाकडे बघत होता. दोना झुल्मिरा बांबू घेऊन कडेला उभी होती, येणारं लाकूड लोटायला. जासिरा मध्ये फळीवर बसली. तिला करण्यासारखं एकच होतं, पोराकडे बघणं.

ती बघत राहिली. तोमेने हात तोंडात घातला होता. तो तपकिरी हात, मनगटापर्यंत. चोखत होता.

पदवीच्या शेवटच्या वर्षी तिने संग्रहालयातली एक जुनी बाटली उघडली होती. आत एका दुर्मिळ जातीचा एकुलता एक नमुना, आणि त्याचं वर्णन छापील, ऐटदार. तिने तो बशीत काढला तर धड एकाचं होतं आणि सुटे पाय दुसऱ्याचेच. गोळा करणाऱ्याने घाईत दोन जीव एकाच बाटलीत टाकले होते. पुढच्यांनी दोघांना मिळून एक समजून नाव दिलं. तो प्राणी पुस्तकात जगला, जंगलात कधी नव्हताच. त्या दिवशी तिला हसू आलं होतं.

आता तिने तोमेचा हात तोंडातून ओढून काढला आणि तळवा दाबला. आधी हळू, मग जोरात. मग एकेक बोट. आर्मादेरा डसतो तेव्हा पहिली येते ती वेदना. त्या जागी फुंकरसुद्धा सोसत नाही. तोमेने हात मागे घेतला नाही. सूज नव्हती, टोचल्याची खूण नव्हती. उलट हात परत तोंडाकडे नेण्यासाठी तो कुरकुरला.

हातावर कोळी होता, हे खरं. लाळ आणि ओकारी, हेही खरं. पण दोन्ही एकाच बाटलीतले म्हणून एकाच जिवाचे, हे कुणी ठरवलं?

तिने खांद्यावरची ओकारी हुंगली. तंबाखू.

"दोना," ती तारेच्या आवाजावर ओरडली, "ही तंबाखू आहे. त्याने चोखलीय."

"माझी चार पोरं मी तंबाखू लावून वाढवली," म्हातारी पाठ न वळवता म्हणाली. तिने बांबूने एक फांदी लोटली. "गांधीलमाशी, विंचू, सगळ्याला. एकही मेलं नाही."

जासिराने अंगातल्या सदऱ्याचं टोक ओढून पाण्यात बुडवलं, तोमेचं तोंड आतून पुसलं, हात घासला. कापड तपकिरी निघालं, वासही तंबाखूचाच. पुन्हा बुडवलं, पुन्हा तपकिरी. जिभेखालून, हिरड्यांच्या मागूनही. इतकी आत कशी गेली, हे तिला कळेना. तोमेची मान तिच्या कोपरावर लवंडली. ती त्याचं नाव घेत राहिली. तार घुमत राहिली. मग तराफ्याला काठाची माती लागली.

दवाखान्यातली डॉक्टर नायारा वयाने जासिराएवढीच होती. तिने तोमेला टेबलावर घेतलं, डोळ्यांत बॅटरी मारली.

"काय झालं?"

"आर्मादेरा," दोना झुल्मिरा म्हणाली.

"तंबाखू," जासिरा म्हणाली. "कोळी होता, पण बिनविषारी. मी बघितलाय. हाताला तंबाखू चोळली होती, ती याने चोखली."

डॉक्टरने दोघींकडे बघितलं. नर्स लसीच्या कपाटाशी थांबली होती.

"हे बघा, लस म्हणजे पाणी नव्हे. उलटली तर या वयाला तीच झेपणार नाही. आणि कोळीच असेल तर मला थांबताही येत नाही." तिने तोमेचा तळवा दाबला, बोटं दाबली, तसंच जसं जासिराने दाबलं होतं. "डंख दिसत नाही. पण नुसता हात चोखून एवढं? कुणी लावली तंबाखू? किती?"

जासिराला ते सांगता येत नव्हतं. ती पोचली तेव्हा चोळणं चालूच होतं. आणि ती पोचल्यावर मेलेल्याची तपासणी करत बसली होती, जित्याचा हात धुवायचा सोडून. तिने सासूकडे बघितलं. म्हातारी आपल्या चिखलाच्या पावलांकडे बघत होती.

"दोना," डॉक्टर म्हणाली, "मला घाई आहे."

"तुकडा होता," दोना झुल्मिरा म्हणाली. "अंगठ्याएवढा." तोमेचा घसा घरघरत होता. "रडायचं थांबेना. मला वाटलं, विष वर चढतंय. म्हणून हिरड्यांनाही लावली. आतून. हिच्या येण्याआधी."

डॉक्टरने नर्सला हाताने खूण केली. कपाटाचं दार बंद झालं. मग सगळं भराभर झालं. कपडे उतरवले, साबणाने अंग धुतलं, नाकाशी ऑक्सिजनची नळी आली, पायाच्या शिरेत सुई गेली. सुई गेली तेव्हा तोमे रडला, बारीक, पण रडला.

"आता याला झोपू द्यायचं नाही," डॉक्टर म्हणाली. "शुद्ध कशी राहतेय ते मला बघत राहायचंय. मी आहेच. पण त्याला बोलतं ठेवा."

जासिरा त्याच्या कानाशी बोलायला लागली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. तोमेचे डोळे मिटत होते. दोना झुल्मिरा दाराशी उभी होती, आत येत नव्हती, जातही नव्हती. आजवर घरात ती कुठल्या दारात थांबलेली जासिराने पाहिली नव्हती.

राग होता. तो पुढेही राहणार होता, एदिल्सनसमोर, जेवताना, कदाचित कायमचा. पण तोमेच्या पापण्या जड होत चालल्या होत्या.

"या इकडे," जासिरा म्हणाली. "माझ्याने तो जागा राहत नाही. तुमच्याने राहतो."

म्हातारी आली. हात मागे बांधूनच वाकली, पोराला शिवली नाही. "काय रे चोरा," ती म्हणाली, "माझी कोंबडी कुणी पळवली? तू? बापासारखाच लबाड. बघ, डोळे मिटतोय. चोर आहे म्हणून मिटतोय."

तोमेने एक डोळा उघडला.

"आणि अंडं? तेही तूच खाल्लंस?"

त्याने मोकळा हात उचलला आणि आजीच्या नाकावर मारला. जोर नव्हता त्यात. म्हातारी हलली नाही. नाक तिथेच ठेवून बसली.

"अजून एक मार," ती म्हणाली.

ऑक्सिजनच्या नळकांड्यावरच्या काट्याकडे बघणारी डॉक्टर वळून त्याच्याकडे बघायला लागली. जासिरा पुढे वाकली. तोमे कितीतरी वेळ आजीकडे बघत राहिला, मग भुवया आवळून त्याने पुन्हा मारलं, आणि या वेळी फटक्याचा आवाज आला.