वाघोबाचा 'व'

मी एक जुना राउटर आहे, मित्रांनो, आणि मी मनात डूख धरून बसलो आहे. हे आधीच सांगितलेलं बरं. माझे दिवे हिरवे आहेत म्हणून माझा स्वभावही थंड असेल, असं समजू नका.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईने मला दोन अँटेना बसवल्या, माझ्या पोटावर चिठ्ठी चिकटवली आणि मला खोक्यात निजवलं. इतक्या हळुवारपणे नंतर मला फार थोड्यांनी हात लावला. चिठ्ठीवर माझा पासवर्ड होता. सोळा अक्षरांचा, अवघड, देखणा. या घरात आल्याच्या पहिल्याच दिवशी बाबांनी तो बदलून 'एक ते आठ' करून टाकला. "लक्षात ठेवायला सोपा!" म्हणाले. दाराला कुलूप घालायचं आणि किल्ली कडीलाच अडकवून ठेवायची, तशातला प्रकार.

सुरुवातीला माझं कौतुक झालं. मला बैठकीच्या खोलीत उंच फळीवर बसवलं. आई, बाबा आणि त्यांची तीन वर्षांची पिटुकली माझ्या दिव्यांकडे बघत उभे राहिले. पिटुकलीने तर टाळ्या वाजवल्या. पण नव्याची नवलाई नऊ दिवस. लवकरच बाबांना माझ्या वायरी खुपू लागल्या. त्यांनी मला उचलून माशांच्या काचपेटीमागे दडवलं. पाणी माझ्या लहरी गिळून टाकतं, हे त्यांना कोण सांगणार? मी घसा फोडून ओरडायचो आणि आतल्या खोलीत जेमतेम कुजबुज पोचायची. मग बाबा यायचे आणि माझ्या डोक्यात टपली मारायचे. टपली, बंद, चालू. माझ्या सगळ्या दुखण्यांवर त्यांच्याकडे एवढंच औषध होतं.

अशा टपल्या मी मोजल्या आहेत. दोनशे चौदा.

आणि मग होते वरच्या मजल्यावरचे दोनमिनिट काका. हे नाव त्यांना आईने ठेवलं होतं, कारण शिडी असो, छत्री असो, ते काहीही मागताना "दोन मिनिटांसाठी" असंच मागायचे. एकदा त्यांनी पासवर्ड मागितला. बाबांनी तो हसत हसत दिला. ती दोन मिनिटं तीन वर्षं चालली. काकांचा फोन, काकूंचा फोन, दोन टीव्ही, शिवाय येईल तो पाहुणा, सगळे माझ्या जिवावर. मी धापा टाकत होतो. आणि हेच काका खाली येऊन, चहा पिता पिता, माझ्यासमोर बाबांना सांगायचे, "यात काही दम नाही हो. भंगारात द्या हा डबा."

डबा! त्या दिवसापासून बाबाही मला डबाच म्हणू लागले.

घरात एकटी आई तेवढी वेगळी. दर रविवारी ती पिटुकलीच्या जुन्या मऊ झबल्याने माझ्या पाठीवरची धूळ पुसायची. "तापलायस रे किती," म्हणायची.

पिटुकली झाल्यावर आईने नोकरी सोडली होती. यंदा एका दूरच्या शाळेने तिला विचारलं. घरी बसून, पडद्यावरून मुलांना चित्रकला शिकवायची. आधी तीन तास शिकवून दाखवायचे, मग नोकरी. पहिल्या तासाला आईचा चेहरा तोंड उघडं असतानाच पडद्यावर गोठला. पलीकडची मुलं खो खो हसली. दुसऱ्या तासाला तर मी पूर्ण कोसळलो. वर दोन्ही टीव्ही चालू होते, मित्रांनो. मी काय करणार? मुख्याध्यापिका बाईंनी फोन केला. "तुमचं शिकवणं छान आहे हो. पण तिसऱ्यांदा तुटलं तर मात्र आपण थांबू."

आई स्वयंपाकघरात जाऊन पाठमोरी उभी राहिली. बाबांनी मला टपली मारली. दोनशे पंधरा. मी ठरवलं, आता पुरे. माझ्याकडे हत्यार एकच आहे, 'नाही' म्हणणं. ते मी एकदा असं वापरणार होतो की सगळ्यांच्या नाकी नऊ यावेत.

संधी चालून आली. बाबांनी कंपनीला फोन लावला, तेव्हा तिकडची बाई म्हणाली, "आधी पासवर्ड बदला. सकाळी दुरुस्तीवाली येईल." तिसऱ्या तासाच्या दिवशी, कामावर निघायच्या गडबडीत, बाबांनी तो बदलला आणि दारातूनच ओरडून सांगितला, "वाघोबा! नुसतं वाघोबा! मोठं अक्षर नाही, आकडा नाही!"

तास अकराला होता. दहाला आईने टाकलं वाघोबा. मी म्हणालो, चुकीचा पासवर्ड. तिने परत टाकलं. चुकीचा पासवर्ड. काय गोड वाटलं म्हणून सांगू! तीन वर्षांत पहिल्यांदा मी कुणालातरी दारात ताटकळत ठेवलं होतं. तिने बाबांना फोन लावला.

"अरे, घेत नाहीये!"

"अगं, वाघोबा टाक."

"वाघोबाच टाकतेय!"

"मग डबाच बिघडलाय. एक टपली मार."

आईने मारली नाही. ती माझ्यासमोर खाली बसली. एकेक अक्षर तपासत तिने पुन्हा वाघोबा टाकलं. आणि तेव्हा मला कळलं की माझा सूड चुकीच्या माणसावर चालला आहे. पण मी काय करू शकत होतो? चुकीला बरोबर म्हणणं माझ्या घडणीतच नाही.

साडेदहाला दुरुस्तीवाली आली. खांद्यावर पिशवी, केसात पेन्सिल. तिने आईला टाकताना पाहिलं आणि फिसकन हसली.

"ताई, वाघातला व तुम्ही इंग्रजीत कसा लिहिता?"

"व्हीने."

"आणि साहेब?"

लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि हा प्रश्न आईला कधी पडलाच नव्हता.

"डबल्यूने लिहीत असणार," दुरुस्तीवाली म्हणाली. "माझ्या निम्म्या तक्रारी याच असतात. नवऱ्याचा डबल्यू, बायकोचा व्ही, आणि मार खातो राउटर."

मार खातो राउटर! मित्रांनो, मी त्या बाईचा जन्मभराचा ऋणी आहे.

डबल्यूने टाकताच मी दार उघडलं. मग तिने मला काचपेटीमागून बाहेर काढलं, उंच फळीवर ठेवलं, माझी जुनी सुरक्षा बदलून नवी लावली. मग आजवर माझ्यावर काय काय जोडलं होतं, ती माझ्या आतली यादी उघडली. "ताई, घरात टीव्ही किती?"

"एकही नाही."

"यादीत दोन आहेत की."

तेवढ्यात बेल वाजली. दारात दोनमिनिट काका. "अहो वहिनी, तुमचं नेट बिघडलंय का? सकाळपासून आमचे दोन्ही टीव्ही बंद आहेत हो!"

मग आई अगदी मऊ आवाजात म्हणाली, "पण काका, हा तर भंगारातला डबा ना? मग त्यावर तुमचे टीव्ही चालत कसे होते?"

काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. तरी ते चिकटच. "नवा पासवर्ड काय ठेवलात मग?"

"वाघोबा," आई म्हणाली. काका खूश होऊन जिना चढले. दार लागताच ती दुरुस्तीवालीकडे वळली. "आता यात व्ही आणि डबल्यू दोन्ही घाला. आधी माझा व्ही, मग नवऱ्याचा डबल्यू. आणि शेवटी पिटुकलीचा पहिला दात पडला ती तारीख."

काका वर टाकत होते, मी खालून नकार देत होतो. व्हीने, डबल्यूने, एका ओ-ने, दोन ओ-ने. एकतीस वेळा. प्रत्येक नकार मी चवीने दिला.

अकराला तास सुरू झाला. आई मुलांना होडी काढायला शिकवत होती. मी तापलो, पण हललो नाही. पूर्ण पाऊण तास एकदाही नाही. तास संपल्यावर मुख्याध्यापिका बाई पडद्यावरच म्हणाल्या, "सोमवारपासून या." आईने लॅपटॉप मिटला आणि त्याच्यावर डोकं टेकून ती खूप वेळ तशीच बसली.

तुम्हाला एवढंच सांगतो, मित्रांनो. आम्हाला उंचावर, मोकळ्या जागी ठेवा. पाण्याजवळ नको, कपाटात नको. पासवर्ड अवघड ठेवा आणि तो शेजाऱ्यांना वाटत फिरू नका. आणि बिघाड कुठे आहे ते बघितल्याशिवाय हात उगारू नका. आम्ही बोलत नाही, पण नोंद ठेवतो.

संध्याकाळी बाबा आले. नोकरीची बातमी ऐकून त्यांनी आईला उचलून गोल फिरवलं. मग फोन काढला. "नेट लागत नाहीये गं. पासवर्ड काय?"

"वाघोबा," आई म्हणाली.

बाबांनी टाकलं. मी नाही म्हणालो. त्यांनी पुन्हा टाकलं. मी पुन्हा नाही म्हणालो. त्यांचा हात सवयीने माझ्या डोक्याकडे आला.

"हात खाली," आई म्हणाली. "तो बरोबर आहे. तू चुकतोयस. बस शोधत."

आणि ती पिटुकलीला घेऊन आत गेली. बाबा माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. एका टपलीला एक, असे माझ्याकडे अजून दोनशे तेरा नकार शिल्लक होते.