बुजवलेला झरोका

एसी बसवायला गेलो की गिऱ्हाईक हमखास डोकं खातं. बिल किती येईल, हे बटण कशाचं, पाणी कुठे पडणार. बावीस वर्षं डहाणूत हा धंदा करतोय आणि बावीस वर्षं मी वसकन अंगावर जातोय. हातात ड्रिल असताना कुणी काही विचारलेलं मला खपत नाही. तरी लोक मलाच बोलावतात, कारण काम चोख. वरोरपासून तलासरीपर्यंत कुणालाही विचारा, एकनाथने बसवलेला एसी कधी भिंतीवरून हलला का म्हणून. तोंड तेवढं खराब, असं सगळे म्हणतात. त्याच तोंडाने माझ्या पोरीचा जीव घेतला. आता हे सरळ सांगतो, कारण वर्षभर सांगितलं नाही.

प्राजक्ता माझी एकुलती एक. वेवजीला दिली होती. जावई पीयूष तलासरीला शाळेत मास्तर, माणूस सालस. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून सातव्या महिन्यात ती वरोरला आमच्याकडे आली. समुद्राजवळ राहता म्हणजे वारा असेल, असं लोकांना वाटतं. एप्रिल-मेमध्ये आमच्या वाडीत येऊन बघा, चिकूचं पान हलत नाही. पोरगी मागच्या खोलीत पुठ्ठ्याने वारा घेत बसायची आणि मला टोमणे मारायची.

"बाबा, सगळ्या तालुक्याला गार करता आणि लेकीच्या हातात पुठ्ठा. बरं दिसतं का हे?"

मग मी एक टनाचा स्प्लिट एसी आणला. मीच बसवायचा म्हटल्यावर कशातही काटकसर केली नाही. मीटरच्या बोर्डापासून वेगळी जाड वायर ओढली, तिला वेगळा एमसीबी. परसात खड्डा खणून नवीन अर्थिंग केलं आणि टेस्टर लावून तीनदा बघितलं. आमच्याकडची खारी हवा साधं लोखंड दोन वर्षांत खाते, म्हणून बाहेरच्या युनिटला गॅल्व्हनाइजचा स्टँड घेतला. गॅस सोडण्याआधी पाईपातली हवा पंप लावून पुरती काढली. पाण्याच्या नळीला उतार दिला. नवा शिकाऊ मुलगा चुकतो त्यातलं एकही मी चुकलो नाही.

त्या खोलीच्या खिडकीवर सिमेंटच्या जाळीचा झरोका होता, माझ्या वडिलांच्या वेळचा. तो उघडा राहिला तर थंडावा राहणार नाही, म्हणून मी स्टुलावर चढून थर्माकोल कापून बसवत होतो. घामाने डोळे चुरचुरत होते. तेवढ्यात माझी बायको वसुमती दारात येऊन उभी राहिली.

"अहो, हा बुजवलात तर शेगडीचा धूर कुठून जायचा? बाळंतिणीला शेक द्यायचाय त्या खोलीत."

दुसरं काही नाही विचारलं तिने. मला खाली उतरायचं होतं, चहा प्यायचा होता, आणि दुपारी डहाणूला दोन कामं होती. मी तिच्याकडे बघितलंही नाही.

"एसी ओढतो सगळं बाहेर. तू तुझं काम कर."

ती गेली. मी कडेने सिलिकॉन मारलं, बोट फिरवून साफ केलं आणि खाली उतरलो.

एसी काही ओढत नाही हो. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा आत घेतो, गार करतो आणि परत खोलीतच सोडतो. बाहेरची हवा आत येत नाही, आतली बाहेर जात नाही. हे मला माहीत होतं. धंद्यातल्या कुणालाही पहिल्या आठवड्यात माहीत होतं. तिने गप्प बसावं म्हणून मी तोंडाला येईल ते ठोकून दिलं आणि विसरूनही गेलो.

प्राजक्ताला मुलगी झाली. डहाणूच्या दवाखान्यातून चौथ्या दिवशी दोघींना घरी आणलं. रखमी म्हणून एक बाई रोज सकाळी मालिश आणि आंघोळ घालायला यायची. आंघोळ झाली की बाळंतिणीला बाजेवर झोपवायचं, खाली निखाऱ्यांची शेगडी, वर ओवा आणि बाळंतशेपा टाकून धुरी. आमच्यात आजही हे करतात. एसीमुळे वसू उलट जास्त जपायला लागली. गार वारा बाळंतिणीच्या हाडात बसतो, म्हणून एसी चालू असेल तोवर शेगडी बाजेखालून काढायची नाही, असा तिने नियमच केला. आणि माझा नियम वेगळाच, दार उघडं टाकायचं नाही, कॉम्प्रेसरवर लोड येतो. सुरुवातीला दारातून ये-जा फार होती, म्हणून काही झालं नाही.

नवव्या दिवशी मी अच्छाडला एका ढाब्याच्या ऑफिसात काम करत होतो. सव्वादहाला वसूचा फोन आला. प्राजू उठत नाही, एवढंच म्हणाली.

झालं असं की आदल्या रात्रभर बाळ रडलं होतं. सकाळी आंघोळीनंतर रखमीने बाळाला पडवीत घेतलं आणि वसूने लेकीला सांगितलं, झोप निवांत, तासा-दोन तासांनी उठवते. शेगडी भरून ठेवली. दार लावलं. मध्ये दोनदा तिने दार किलकिलं करून बघितलं. पोरगी गाढ झोपलेली. गारवा जाऊ नये म्हणून तिने लगेच दार लावून घेतलं. निखाऱ्यांना धूर नव्हता, वास नव्हता.

मी दवाखान्यात पोचलो तेव्हा प्राजक्ताचे गाल गुलाबी दिसत होते. मला वाटलं, आहे, जीव आहे. डॉक्टरांनी माझा हात धरून बाकावर बसवलं. कोळशाचा गॅस बंद खोलीत कोंडला की असंच होतं, म्हणाले, माणसाला कळतही नाही.

पंचनाम्याला पोलीस घरी आले. हवालदाराने विचारलं, "खोलीला खिडकी होती का?" मी म्हटलं, होती. तेवढंच विचारलं त्याने आणि तेवढंच मी सांगितलं. कागदावर शेगडी आली आणि लोकांच्या तोंडीही शेगडीच. वसू भिंतीला टेकून बसली होती. "मीच ठेवली," ती म्हणायची, "माझ्या हाताने ठेवली." मी तिच्या शेजारी उभा होतो आणि माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. एवढं सुटलेलं तोंड माझं, नेमकं तेव्हा शिवल्यासारखं झालं.

तेराव्यानंतर वसू विहिरीवर गेलेली बघून मी एसी उतरवला आणि हातोडीने झरोक्यातलं थर्माकोल फोडून काढलं. तिला कळलं नसेल असं मला वाटलं.

बाळाला वेवजीला नेलं. बारसं त्यांनी तिकडेच केलं, मयुरा नाव ठेवलं; दिवस आम्हाला फोनवर कळला होता, बोलावणं नव्हतं. विहीणबाई नीलमताईंनी स्पष्ट सांगितलं की वसुमतीबाईंनी पोरीला हात लावायचा नाही. पीयूष मला म्हणाला, "बाबा, तुम्ही या कधीही. तुमचा काय दोष?"

मी जात राहिलो, याची मला लाज वाटते. महिन्यातून एकदा मोटारसायकलवर चिकूची पिशवी लावून जायचो. नीलमताई नातीला माझ्या मांडीवर ठेवायच्या. वसूने नाचणीचं सत्त्व दिलेलं असायचं, दुपटी शिवून दिलेली असायची. ती पिशवी कोपऱ्यात तशीच पडून असायची, पुढच्या वेळी मला परत मिळायची. येताना मी ती तलासरीत एका बाईला देऊन टाकायचो आणि घरी सांगायचो, त्यांना आवडलं.

घरी वसू पायरीवर बसून वाट बघत असायची. पालथी पडते का, आवाज दिला की बघते का, केस काळेच आहेत ना. दहाव्या महिन्यात विचारलं, "दात किती आले?"

"आलेत थोडे."

"थोडे म्हणजे किती?"

"मी काय मोजत बसू?" मी खेकसलो. ती उठून आत गेली. तेव्हाही मला सुधारता आलं नाही.

यंदाच्या मे महिन्यात पीयूषचा फोन आला. मयुराला घामोळं उठलंय, रात्रभर झोपत नाही, एसी घेतलाय. "बाबा, तुम्हीच येऊन बसवा. दुसऱ्या कुणावर माझा विश्वास नाही."

गेलो. अर्थिंग तपासलं, ते नावालाच होतं, नवीन केलं. स्टँड ठोकला, पाईप जोडले. मयुरा स्टुलाचा पाय धरून उभी राहायची आणि धपकन बसायची. हसली की प्राजक्ता दिसायची. मी मान खाली घालून पाना फिरवत राहिलो. दाराच्या वर एक आडवी फट होती, हवेसाठी ठेवलेली. पीयूष म्हणाला, "बाबा, तेवढी बुजवायची राहिली."

"ती राहू दे."

नीलमताई आतून आल्या. "का राहू दे? गारवा जाईल की. आमच्याकडे शेगडी-बिगडी काही नाही हो. देवाची उदबत्ती तेवढी, तिचा धूर हा ओढून घेतोच ना बाहेर?" मग हळू आवाजात म्हणाल्या, "तुमच्या मंडळींना एवढं कळलं नाही, बंद खोलीत निखारे ठेवले."

मी स्टुलावर होतो. हातात ड्रिल होतं. मी ते बंद केलं आणि खाली उतरलो.

"नाही ओढत," मी म्हटलं. "आतलीच हवा आत फिरवतो हा."

पीयूष म्हणाला, "म्हणजे त्या खोलीतही..."

"त्या खोलीला झरोका होता. मी बुजवला. वसूने विचारलं होतं, धूर कुठून जाईल. मी म्हटलं, एसी ओढतो. मला माहीत होतं ओढत नाही. तिने माझं डोकं खाऊ नये म्हणून बोललो. तिने माझ्यावर भरवसा ठेवून शेगडी ठेवली, पीयूष. तिचा काही दोष नाही."

नीलमताईंनी पुढे होऊन माझ्या पायाजवळून मयुराला उचललं आणि आत नेलं. पीयूष ओरडला असता तर बरं झालं असतं.

"एक वर्ष, बाबा," तो म्हणाला. "बारशाच्या दिवशी प्राजक्ताच्या आई आमच्या फाटकाबाहेर दोन तास उन्हात उभ्या होत्या. मी त्यांना परत पाठवलं."

वसू बारशाला वेवजीपर्यंत गेली होती, हे मला तेव्हा कळलं. घरी तिने मला सांगितलं होतं, डहाणूला बाजारात जाऊन आले.

राहिलेलं काम अर्धवट टाकता येईना. मी गॅस सोडला, एसी चालू केला, हात लावून गारवा बघितला. कुणी बघायला आलं नाही. रिमोट टेबलावर ठेवून निघालो.

वसू पायरीवर होती. "चालायला लागली का?"

"सांगून आलो," मी म्हटलं. "झरोक्याचं. मी बुजवला होता, आणि तुला खोटं बोललो होतो."

तिने हातातल्या दुपट्याची घडी केली.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "विचारलं मीच होतं ना तुम्हाला? विसरेन होय? डॉक्टर म्हणाले बंद खोलीत गॅस कोंडला, तेव्हाच कळलं की तो काही ओढत नाही. थर्माकोलचे तुकडे मीच झाडले नंतर."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय झालं असतं? दोघांनाही दार बंद. एक माणूस तरी जात होता तिच्याकडे. तुम्ही येऊन सांगायचात, हसली, बसली, त्यावर मी महिना काढायची." मग ती रडायला लागली. वर्षभरात मी तिला असं रडताना बघितलं नव्हतं. "आता मला कोण सांगणार हो, ती चालायला लागली की?"

मी तिच्या शेजारी बसलो. तिच्या पाठीवर हात ठेवायची माझी हिंमत झाली नाही.

पुढच्या रविवारी सकाळी फाटकाशी पीयूषची गाडी थांबली. मयुरा त्याच्या खांद्यावर झोपलेली. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "आई आहेत?" आणि आत गेला. थोड्या वेळाने बाहेर येऊन माझ्यापासून लांब उभा राहिला.

"बाबा, ती इथे असेल तेव्हा तुम्ही आत जाऊ नका. वेवजीलाही येऊ नका. मला नाही जमत."

"बरं," मी म्हटलं.

मी परसात चिकूखाली जाऊन बसलो. आतून आधी पोरीचं रडणं ऐकू आलं, मग वसूचा आवाज, मग काहीच नाही. बऱ्याच वेळाने मागच्या खोलीची खिडकी उघडली. वसू पोरीला कडेवर घेऊन गजांशी उभी होती. पोरगी तिचं मंगळसूत्र चावत होती. मी उठून उभा राहिलो, पुढे गेलो नाही.

"सहा आहेत हो," वसू मला म्हणाली. "खाली दोन, वर चार."