पक्ष्यांचा खंड

पानाच्या कडेवरून कागद खाणारी कसर धावली, चांदीचा कण घरंगळावा तशी, आणि शिवणीच्या फटीत नाहीशी झाली. तिनं बोट ओळीवरून हलवलं नाही. बोट उचललं की ओळ हरवते, ओळ हरवली की पुन्हा वरून सुरुवात; साठी उलटल्यावर अक्षरं शिकलेल्या माणसाला डोळ्यांपेक्षा बोटाचा भरवसा जास्त. 'घार... आपले घरटे... उंच झाडाच्या...' — झाडाच्या काय? ती पान उलटायला गेली, तर ते उलटेना. पुढच्या पानाला धरून बसलं होतं. त्याच्या पुढचंही. बाजूची कड बंद, कुठे वरचीही बंद.

ओलाव्यानं. दुसरं काय?

आणि ओलावा कुणाचा, तर माझाच. ती कपाटाकडे पाहत राहिली. एका रंगाच्या पाठींचे, एका उंचीचे खंड — रोगांचा, ताऱ्यांचा, बांधकामाचा, समुद्राचा, पक्ष्यांचा... जगात आहे ते सगळं ह्यांच्या खोलीतल्या या एका कपाटात आहे, असं ती शेजारणींना सांगायची. आणि दर आठवड्याला ओल्या फडक्यानं पुसायची. घट्ट पिळून घ्यायची की फडकं! पण किती पिळलं तरी ओलं ते ओलंच. ह्यांचं डोळ्यांत तेल घालून जपलेलं धन, आणि आपण हौसेनं त्याचा चिखल केला. बोलले नाहीत कधी. बोलायचेच नाहीत ते.

"आई, घारीचं झालं असेल तर चहा घ्या," सून दारातून म्हणाली. "घार काही आज उडून जात नाही."

"आजच जातेय," ती म्हणाली.

सून हसली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिनंच सासूला अक्षरं शिकवली होती, हे गेल्यावर. पहिला खंड, रोगांचा, वाचायला दीड वर्ष लागलं. एकेक शब्द अडला की सुनेला हाक. मग भिंतीला ओल आली, मुलगा म्हणाला, आई, ग्रंथालयाला देऊन टाकू, बाबांच्या नावाचं कपाट करतील ते. ती हो म्हणाली. नाही कशाला म्हणायचं? या वयात उरलेले खंड वाचून व्हायचे थोडेच. पण आज सकाळी वाटलं, पक्ष्यांचा तेवढा उघडून बघावा... कारण लग्नाच्या दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी खिडकीत एक पक्षी येऊन बसला होता, पोटाखाली पिवळा, शेपटी सारखी हलवणारा, आणि तिनं विचारलं होतं, "हा कुठला हो?" ते म्हणाले, "बघून सांगतो." खोलीत गेले. दार लावलं. नंतर सांगायचं राहूनच गेलं. एवढे विद्वान, गावभर लोक शंका विचारायला येणारे मास्तर. आपला पक्षी कुठला लक्षात राहायला?

ग्रंथालयातली बाई रिकामे खोके घेऊन आली तेव्हा तिनं आधीच सांगून टाकलं, "बाई, पुस्तकं माझ्या हातून खराब झालीत. पानं चिकटलीत. ओलं फडकं फिरवायची मी."

बाईनं खंड खिडकीशी नेला, दोन पानांमध्ये बोट घातलं आणि एकदम हसली. "आजी, फडक्याचा काय दोष? ही चिकटलेलीच नाहीत."

"मग?"

"कापलेली नाहीत. जुन्या छपाईत मोठ्या कागदाला घड्या घालायच्या आणि तशाच शिवायच्या. ज्याला वाचायचं त्यानं सुरीनं कडा कापत कापत पुढं जायचं." ती दुसरा खंड काढून बघायला लागली, मग तिसरा. "हाही तसाच... हाही. पहिला तेवढा कापलाय. दुसऱ्याची थोडी पानं. बाकी संच अगदी कोरा! अहो, असा मिळत नाही हो कुठं!"

बाईचा आनंद खरा होता. सुनेनं मात्र सासूकडे पाहिलं आणि उगाचच कप उचलून आत गेली.

कोरा.

म्हणजे माझं फडकं नव्हे, या सुटकेचा श्वास अर्धाच बाहेर आला आणि तिथंच अडला. मग ते दार लावून काय करत होते? रोज संध्याकाळी, जेवायच्या वेळेपर्यंत... पान उलटल्याचा आवाज मी ऐकला होता का कधी? खुर्ची करकरल्याचा ऐकला होता. खोकल्याचा. आणि मी सगळ्या घराचं तोंड दाबून धरलेलं — हळू बोला, बाबा वाचताहेत. मुलगा चित्र दाखवायला धावत निघाला की त्याचा दंड धरून मागं ओढलेला. तो आता पन्नाशीला आला तरी उघड्या दारावर टकटक करून आत येतो. कुणासाठी ओढला त्याला? बंद पानांसाठी?

राग यायला हवा होता. ती त्याची वाट पाहत ह्यांच्या खुर्चीत बसली. पण रागाच्या जागी आठवत होतं ते भलतंच. स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहायचे. "चहा आहे का?" आत्ताच तर दिला. "बरं, बरं... सहज." आणि परत फिरायचे. तिला वाटायचं, मोठं काहीतरी डोक्यात चाललंय, आपण मध्ये बोलू नये. आणि त्याच्याही आधी, नव्या नवरीला त्यांनी विचारलं होतं, "रोज एक पान शिकवू का तुला? बरोबर वाचू." बरोबर म्हणाले होते. ती सगळ्यांच्या देखत म्हणाली, "घरात एक शहाणा आहे तेवढा पुरे. दोघंही वाचत बसलो तर चुलीकडे कोण बघणार?" सासूबाई केवढ्या हसल्या. तेही हसले. मुलगा चालायला लागल्यावर एकदा पुन्हा विचारलं. तेव्हा ती नुसती "चला, काहीतरीच" म्हणाली.

कदाचित त्यांना कंटाळाच असेल. कदाचित मोठमोठे शब्द बघून धास्ती वाटत असेल, माझ्यासारखी. शंका विचारणाऱ्यांपैकी कुणी पुस्तक उघडून बघत नव्हतं, आणि मी तर जगभर सांगत सुटलेली, ह्यांनी सगळं वाचलंय... मग त्यांनी पुढचं पान कापायचं तरी कुणासमोर? ज्याच्याजवळ 'मला नाही येत' म्हणावं असं घरात कुणी ठेवलं होतं का मी?

खोके भरत आले होते. बाईनं हात पुढं केला. "आजी, पक्ष्यांचा राहिला. द्या, आणि आता कापू नका हं, असाच राहू दे."

"थांब जरा."

सून दाराशी येऊन उभी राहिली. खुर्चीतल्या खुर्चीत तिनं खंड डोळ्यांजवळ नेला. दोन पानांमधली घडी खालून उघडी होती. त्यात वाकून पाहिलं तर आत अंधुक नळी, आणि तिच्या भिंतीवर वळत गेलेल्या ओळी. बोट आत पोचत नव्हतं. तिनं बोटाशिवाय वाचायला सुरुवात केली, मोठ्यानं, अडखळत. 'शेंड्यावर... काटक्यांचे... बांधते...' पुढचा शब्द घडीत दुमडला होता. ती सवयीनं सुनेला हाक मारणार होती, पण तोंडून आलं, "अहो, हे काय हो लिहिलंय?" आणि विचारताना तिला पहिल्यांदा असं वाटलं नाही, की पलीकडच्याला ते ठाऊकच असेल.