कॉक वाढव!

"काच खाली घे," कारभारी म्हणाला.

"काका, बाहेर भट्टी पेटलीय. जरा एसी खाऊ द्या ना," असं म्हणत रोहितनं काच उलट आणखी वर घेतली.

कारभारीनं गिअर बदलला. बोलून बोलून त्याची जीभ झिजली होती. गाडी बंद डब्याची. सीटच्या मागेच तांब्याचे पाइप जोडायच्या गॅसची छोटी टाकी, शेजारी ऑक्सिजनची. असल्या टाक्या न्यायच्या तर उघड्या गाडीतून, ते जमत नसेल तर काचा उघड्या ठेवून; टाकी उभी, नीट बांधलेली, वरचा रेग्युलेटर काढलेला. हे सगळं लिहिलेला कागद दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला होता आणि त्यावर खाली कारभारीची सही होती. आता उघडी गाडी कंपनीच्या देवरे साहेबांनी भलत्याच कामाला लावली होती, आणि "रेग्युलेटर काढत-लावत बसलात तर कामं कधी उरकणार?" असंही साहेबच म्हणायचे. मात्र ते कुठे चिकटवलेलं नव्हतं. कागद पाळावा तर साहेब डोळे वटारणार, साहेबांचं ऐकावं तर कागद डोळ्यांसमोर. या दोघांच्या मध्ये अंग चोरून कारभारी इतकी वर्षं गाडी हाकत आला होता. नोकरी सोडावी तर या वयात त्याला कोण उभं करणार होतं?

ओझरकडच्या एका शीतगृहाचं मशीन सकाळीच बंद पडलं होतं, तिकडेच दोघं निघाले होते. आत द्राक्षं होती, त्यामुळे मालकाचे फोनवर फोन चालले होते. रोहित हाताचा मोठा गुणी मेकॅनिक, पण शहरात वाढलेला, कंपनीत नवा, शिवाय कंत्राटावरचा. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. बायकोचा फोन आला की तो खिडकीकडे तोंड करून बोलायचा आणि कारभारी मुद्दाम खोकायचा.

गाडी हायवेच्या लांबलचक पुलावर चढली आणि कारभारीच्या नाकात वास शिरला. मागे ट्रक चिकटलेला, डावीकडे कठडा, थांबायला बोटभर जागा नाही.

"रोहित, गॅस गळतोय! कॉक वाढव! वाढव लवकर!"

रोहितनं मागे वळून हात घातला आणि टाकीचा कॉक फिरवला. फुस्स आवाज एकदम मोठा झाला. घाबरून त्यानं काच खाली घ्यायला बटण दाबलं. त्या बटणाची ठिणगी पुरेशी झाली. निळा भपका उठला आणि रोहितची किंकाळी गाडीत कोंडली.

कारभारीनं ब्रेक मारला, पेटत्या डब्यात फडकं गुंडाळलेला हात घालून कॉक बंद केला आणि पोराला ओढून बाहेर काढलं. त्याच्या स्वतःच्या भुवया तेवढ्या गेल्या. रोहितचा उजवा हात कोपरापर्यंत सोलवटला होता.

घोळ झाला होता तो एका शब्दाचा. कारभारीच्या सायखेड्याच्या घरात दिवा कुणी विझवत नसे, वाढवत असे. दुकान बंद करत नसत, वाढवत. फुटलेली बांगडीसुद्धा वाढलेलीच असायची. घरात गॅसची शेगडी आली तेव्हा त्याची आई, बयाबाई, तिलाही तोच मान द्यायची. "गॅस वाढव रे" म्हणजे बंद कर. अभद्र बोलायचं नाही. एरवी कारभारी शहरातलं बोलणं बोलायचा. पण जीव घशाशी आला की माणसाच्या तोंडी आईचेच शब्द येतात.

त्यानं देवरे साहेबांना सगळं खरंखरं सांगितलं. साहेब आधी हसले, मग खुर्चीत नीट बसले.

"म्हणजे तुम्ही बंद करायला सांगितलं आणि त्यानं उघडला. झालं तर मग! तुम्ही सुटलात, कारभारी. उद्या विम्याचा माणूस येतोय, त्याला एवढंच सांगा."

"आन् रोहितच्या दवाखान्याचं?"

"स्वतःच्या चुकीनं भाजून घेतलं तर कंपनी कशाला करेल? वरच्या माणसानं सांगितलेलं करताना झालं असतं, तर गोष्ट वेगळी."

"साहेब, रेग्युलेटर लावून ठेवा म्हनून तुम्हीच—"

"कागदावर सही कोणाची आहे?" साहेबांनी अगदी प्रेमानं विचारलं.

कारभारी तिथून निघाला तो थेट दवाखान्यात गेला. रोहितचा हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत होता. मांडीची कातडी काढून हातावर बसवायची, असं डॉक्टर म्हणत होते, तीही एकदा नाही. बायको, संजना, औषधं आणायला खाली गेली होती.

"काका," रोहित म्हणाला, "साहेब येऊन गेले. म्हणाले, तूच कॉक उघडलास. पण मी मनानं नाही हो उघडला. तुम्ही वाढव म्हणालात. मला वाटलं, काका एवढे जुने, काहीतरी असेल त्यात. मी बरोबरच केलं ना?"

कारभारीच्या ओठांवर सगळं आलं होतं. त्यानं ते गिळलं. हे पोर सरळ मनाचं. कळलं तर विम्याच्या माणसापुढे सगळं जसंच्या तसं ओकणार आणि दवाखान्याच्या पैशांना मुकून स्वतःच स्वतःचा हात गमावून बसणार.

"तू बरोबरच केलंस," तो म्हणाला. "मी सांगितलं तेच केलंस."

विम्याचा माणूस पुण्याचा होता, तरुण आणि घाईत.

"तुमचे नेमके शब्द काय होते?"

"कॉक वाढव, म्हनलो."

"वाढव म्हणजे उघड?"

"कारभारी, नीट सांगा," देवरे साहेब मध्येच म्हणाले. "तुमच्या गावाकडे त्याचा अर्थ—"

"गावाकडं बी तोच," कारभारी म्हणाला. "वाढव म्हंजे वाढव. उघडायलाच सांगितलं मी."

"गळतोय तो कॉक उघडायला?" त्या माणसाला हसावं की रागवावं कळेना. "का?"

"घाबरलो. डोकं चाललं नाय."

दारात उभे राहून ऐकणारे दोन ड्रायव्हर एकमेकांकडे बघायला लागले. आजवर कारभारीनं कधी कॉक सैल ठेवला, असं बोलायची कुणाची छाती नव्हती. तेवढी एक गोष्ट त्याची स्वतःची होती. त्याला फार, फार वाईट वाटलं. त्याला तिथेच रडू आलं असतं, पण गाडीची चावी मागायला साहेबांनी हात पुढे केला होता.

रोहितच्या दवाखान्याचं कंपनीनं मान्य केलं. कारभारीला घरी बसवलं. कुसाबाईनं, त्याच्या बायकोनं, काही विचारलं नाही. पोराला तूप-भात चालतो का, एवढंच विचारलं आणि डबा भरून दिला.

वॉर्डच्या दाराशी संजना उभी होती. तिच्यापर्यंत सगळं पोचलं होतं.

"तुम्ही सांगितलंत उघडायला?" तिनं वाट अडवली. "इतकी वर्षं हेच काम करताय ना? लहान पोराला कळतं, गॅस गळतोय तर बंद करायचा. तुम्हाला नाही कळलं? तो अजून म्हणतो, काकांना बोलू नकोस. त्याचा हात बघितलात का तुम्ही?"

आमच्यात वाढव म्हणजे बंद, एवढं एकच वाक्य. ते बोलला असता तर तिनं रात्रीच्या आत नवऱ्याला सांगितलं असतं, आणि नवऱ्यानं विम्याच्या माणसाला.

"चुकलो, पोरी," कारभारी म्हणाला.

"परत येऊ नका इथे."

"नाय येत."

त्यानं डबा पुढे केला. तिनं घेतला नाही. ती आत गेली आणि तिनं दार लावलं, पण आपटलं नाही. आत रोहितला नुकताच डोळा लागला होता.