रुचिताच्या वाटची उत्तरं

भिंतीपलीकडून रुचिताचं हसू ऐकू आलं आणि रश्मीच्या हातातली पळी जागीच थांबली. हसू साधंसुधं नव्हे, पोट धरून. त्यामागून बोलणं, तेही एका दमात, न अडखळता. घरात ही पोरगी "हव" आणि "नाही" यापलीकडे जात नाही, आणि तिकडे मंगलाबाईच्या ओसरीवर तिची गाडी सुसाट सुटलेली! फोडणी करपली तरी रश्मी भिंतीला कान लावून उभी होती. शब्द काही कळेनात. त्यानं तर तिचा जीव आणखीच जळला.

मंगलाबाई म्हणजे रश्मीची थोरली जाऊ, अड्याळ गावात भिंतीला भिंत लावून राहणारी. रुचिता तिला रीतीप्रमाणे मोठी आई म्हणे. इतकी वर्षं त्या शब्दात रश्मीला काही खटकलं नव्हतं. आता खटकू लागलं. ती मोठी, मग आपण कोण?

बरं, त्या बाईत असं होतं तरी काय? घरभर पसारा, भाजीत मीठ एक तर दोनदा, नाही तर नाहीच. दिवसभर मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायच्या: तेंदूचं पान कापायचं, तंबाखू भरायची, गुंडाळून दोरा बांधायचा. पोरीशी धड बोलतही नसे. नजर पानावर, बोटं चालू, आणि मधूनच एखादं "मंग?" एवढंच. त्या "मंग?"वर दहा वर्षांची रुचिता घडाघडा बोलत सुटे.

आणि रश्मीनं काय करायचं बाकी ठेवलं होतं? पोरीला फेफऱ्याचा पहिला झटका आला तो पहिलीत असताना, शाळेच्या परिपाठात. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळच्या गोळ्या, भंडाऱ्याच्या डॉक्टरांकडच्या फेऱ्या, रात्रीची जागरणं, सगळं तिनं एकटीनं ओढलं. नवरा संघपाल राईस मिलमध्ये कामाला; "तूच पाहून घे" म्हटलं की तो मोकळा.

गोळ्यांनी झटके कमी झाले, पण पोरीचं लोकांशी जुळेना. कोणी काही विचारलं की उत्तर यायला वेळ लागे, तोवर समोरचा दुसरीकडे पाहू लागे. थट्टा कळत नसे. कोण खरंच रागावलंय आणि कोण नुसतेच डोळे वटारतंय, हे चेहऱ्यावरून ओळखू येत नसे. एकदा मंगलाबाईचा नवरा गुलाब गमतीनं म्हणाला, "तुले तं आम्ही बाजारातून आणलं, लसणावर फुकट भेटली." असं ऐकून बाकीची पोरं खिदळतात. रुचिता पुढच्या बाजाराच्या दिवशी लसणाच्या दुकानासमोर जाऊन बसली, खरी आई येईल म्हणून.

तेव्हापासून रश्मी पोरीची जीभच झाली. "बाळा, कितवीत आहेस?" असं कोणी रुचिताला विचारावं आणि "पाचवीत आहे," असं रश्मीनं सांगावं. "भूक लागली का?" "नाही, आताच जेवली." पोरीनं तोंड उघडायच्या आत उत्तर हजर. लोक म्हणत, लेकीचं मन आईशिवाय कोणाला कळणार नाही. ते ऐकलं की रश्मीच्या अंगावर मूठभर मांस चढे. आणि आता ही बिड्या वळणारी आयत्या पिठावर रेघोट्या ओढत होती!

त्या संध्याकाळी तिनं रुचिताला समोर बसवलं. "काय बोलते वं तू तिथं? शाळेचं बोलते? का माह्याबद्दल सांगते? माह्याबद्दलच न?"

रुचितानं विचार केला. पण एकावर एक तीन प्रश्न पडल्यावर ती कशाकशाला उत्तर देणार? "हव," ती म्हणाली.

झालं. दुसऱ्या दिवशी रश्मीनं फर्मान काढलं, मोठ्या आईकडे जायचं नाही. मंगलाबाई विचारायला आली तेव्हा कारण तयार होतं. "बाई, तुमच्या घरी तंबाखूची धूळ. पोरीले झटका आला तं?"

"बाप्पा! आजवर तं नाही आला माह्या घरी."

"आल्यावर काय करान?" रश्मीनं दार जवळजवळ तोंडावरच लावलं. आपण खोटं बोलतोय हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी बरं वाटलं.

झटका आला, पण तो रश्मीच्याच घरात, जेवता जेवता. बरेच महिने नीट गेले होते. भंडाऱ्याला न्यायचं ठरलं, आणि नेमकी संघपालला सुट्टी मिळेना. न बोलावताच मंगलाबाई लुगडं बदलून बसस्टँडवर हजर. "पोरगी बसमंधी पडली तं एकटी काय करशीन?" म्हणाली. रश्मीला नाही म्हणता आलं नाही. रुचिता सरळ मोठ्या आईच्या शेजारी जाऊन बसली. रश्मी खिडकीबाहेर पाहत राहिली.

डॉक्टरांनी या वेळी सवाल रश्मीला केला नाही. ते म्हणाले, "रुचिता, झटका येण्याआधी तुला काही जाणवतं का?"

"काहीच नाही जी, एकदम पडते," रश्मी म्हणाली.

"तिला सांगू द्या."

रश्मी थांबली. पण ती शांतता तिला सहन होईना. लोक पोरीला मंद समजतात, हा डॉक्टरही तसंच समजेल. "सांग न बेटा. चक्कर येते? डोकं दुखते? हव म्हण."

"हव," रुचिता म्हणाली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "ताई, तुम्ही जरा बाहेर बसता का?"

रश्मी उठली. मंगलाबाईही उठू लागली, तर रुचितानं तिचा पदर धरलेला पाहून डॉक्टर म्हणाले, "आजी, तुम्ही बसा."

ती बसली! पोरीला नऊ महिने वागवणारी बाहेर आणि ही आत! रश्मी पडद्यापाशी उभी राहिली. डोळ्यांत संतापानं पाणी आलं होतं. आत बराच वेळ कोणीच बोललं नाही. मग मंगलाबाईचं ते "मंग?" आलं.

"पहिले मले धान उकडल्याचा वास येते," रुचिता सांगू लागली. "कोणी उकडत नसते, तरी येते. मंग ह्या हाताची बोटं माही नाही वाटत. लोकं बोलतेत ते आयकू येते, पण ते काय म्हणतेत हे नाही समजत. कधी पडते. कधी नाही पडत, तसंच निघून जाते."

डॉक्टरांनी रश्मीला आत बोलावलं. ते खूश दिसत होते. झटक्याची सुरुवात तिथूनच होते म्हणाले. वास आला की तिनं लगेच खाली बसायचं, जवळच्याला सांगायचं. औषधही आता नीट ठरवता येईल. "आणि नुसता वास येऊन जातो ना, तेव्हा कोणी विचारलं तर तिला उत्तर देता येत नाही. लोकांना वाटतं, हिचं लक्षच नाही."

रश्मीनं मान हलवली. खरं तर तिला आनंद व्हायला हवा होता. पण दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंतही तिला धीर निघाला नाही.

"बाई, हे तुमाले माहीत होतं?"

"हव न. कवाचंच सांगतलं होतं तिनं."

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

मंगलाबाई तिच्याकडे बघतच राहिली. "मले काय माहीत? मले वाटलं, तुले पहिलेच सांगतलं असन. आई तं तू होय."

या वाक्यात कुठेच कुसकेपणा नव्हता. असता तर रश्मीला भांडता तरी आलं असतं.

परतीच्या बसमध्ये मंगलाबाई बसल्या बसल्या झोपली. रुचिता दोघींच्या मध्ये होती. पहेला गाव मागे पडलं तेव्हा तिनं आईच्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

"आई, तू रागावली का रडून राहिली? मले समजत नाही. सांगून दे."

दुसरं कोणी असतं तर रश्मीनं "काही नाही" म्हणून वेळ मारून नेली असती. या पोरीला "काही नाही" म्हटलं की काही नाहीच वाटे.

"जळून राहिली मी," ती हळूच म्हणाली. "तुह्या मोठ्या आईवर. तू तिच्यासंग बोलते, माह्यासंग नाही बोलत."

रुचिता विचार करत राहिली. रश्मीच्या जिभेवर पुढची चार वाक्यं येऊन बसली होती. तिनं ती एकेक करून गिळली.

"तू विचारते अन् तूच सांगते," रुचिता म्हणाली. "मंग माह्यासाठी काही उरतच नाही."

रश्मीनं नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

"शाळेत माह्यासंग कोणी नाही बोलत," रुचिता म्हणाली. "माह्या बेंचावरची रेणू पण नाही. डबा मी एकटीच खाते."

असं नसते बेटा, रेणू किती चांगली आहे, हे सगळं रश्मीच्या ओठांपर्यंत आलं. तिनं ओठ दाताखाली धरला.

"हे मी मोठ्या आईले नाही सांगतलं," रुचिता म्हणाली. "तुलेच सांगतलं."

आणि रश्मीला आधी आनंद झाला. लेक शाळेत एकटी बसून डबा खाते, हे ऐकून तिला आधी आनंद झाला, की हे आपल्यालाच पहिल्यांदा कळलं. मग तिनं पदर तोंडाला लावला. रुचिता पुन्हा तिच्या तोंडाकडे पाहू लागली, तेव्हा विचारायची वाट न बघता ती म्हणाली, "आता रडून राहिली मी, बेटा."