वाफशावरचा पाय

जगातली कुठलीही जखम एकवीस दिवसांत भरून येते, निसर्गाचा कायदाच आहे तो, असं भुजंगनं मारुतीच्या पारावर बसून साऱ्या गावाला ठणकावून सांगितलं. त्याची स्वतःची जखम त्या दिवशी चौदाव्या महिन्यात गेली होती.

मागच्या साली ऊसतोडीत तोडलेल्या उसाचा बुडखा घोट्याच्या वर घुसला, आणि तिथं पुरीएवढी जखम जी बसली ती उठायचं नावच घेईना. त्र्याण्णव सालच्या उन्हाळ्यात सोनपेठजवळच्या त्या गावात बोलायला दोनच विषय होते. एक मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर आणि दुसरा भुजंगचा पाय. पहिल्यावर एकमत होत नव्हतं. दुसऱ्यावरही नव्हतं, पण तिथं प्रत्येकाजवळ दवा होती.

शेवटी बायको कडूबाईनं त्याला एसटीत कोंबून परभणीला एका तरुण डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं पट्टी सोडली आणि नाकाला रुमाल लावला.

"महिन्यात फरक पडला नाही, तर गुडघ्याखाली पाय काढावा लागेल. ही पट्टी घरी कोण सोडतं?"

"सोडीत कुणीच न्हाई सायेब," भुजंग म्हणाला. "निस्ती दाखवितो."

"कुणाला?"

"येईल त्याला. मानूस उन्हातान्हात तीन कोस चालून भेटायला येतंय. त्याला काय निस्तं फडकं दाखवावं? बरं दिसतंय का?"

"दिवसातून किती वेळा?"

भुजंगनं कडूबाईकडं पाहिलं. कडूबाईनं पंख्याकडं पाहिलं.

"बाजारच्या दिशी जरा जास्त व्हतंय," ती म्हणाली.

"आणि हे काळं काय लागलंय?"

"ते धुरपतामावशीचं चुलीचं काजळ. पिवळं हाय ती सटवाजी भावजीची तंबाखू, हळदीत खललेली. लय मायाळू गाव हाय आमचं."

डॉक्टरनं मायाळू गाव मिठाच्या पाण्यानं तासभर धुतलं. आठ दिवसांच्या गोळ्या दिल्या. मग कपाटातून औषध कंपनीच्या माणसानं वापरून बघायला दिलेल्या पट्ट्या काढल्या. काचेसारखी आरपार, हाताला गार, कोरफडीच्या गरासारखी लिबलिबीत, वरून तसाच आरपार पातळ पापुद्रा चिकटवलेली अशी ती चीज होती.

"आता दाखवा किती दाखवायचं ते. वरून सगळं दिसतं. उघडायचं मात्र नाही. तीन दिवसांनी बाईंनी हात धुऊन बदलायची."

"पर ही वल्ली हाय सायेब," भुजंग घाबरला. "जखम तर वाळवायची असती."

"वाळली की वरून खपली धरते आणि खाली पू साचतो. नवी कातडी यायला ओल लागते. चिखल नको आणि ढेकूळही नको."

"म्हंजी वाफसा!" भुजंग म्हणाला.

डॉक्टर परभणीच्या कापडदुकानदाराचा मुलगा. त्यानं वाफसा म्हणजे काय ते विचारून घेतलं. पेरायला बेताची ओल, असं भुजंगनं सांगितल्यावर ते कागदावर टिपूनही ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ओसरीवर गर्दी झाली. धुरपताबाई गुडघ्यावर बसून वाकली. "अगं बया, पायाला खिडकी बसवली की! आतलं समदं दिसायलंय."

लोक रांगेनं बघून गेले. सटवाजी मात्र पुडी हातात धरून उभाच राहिला.

"बगून काय करू? माझी तंबाखू कुठं टाकू?"

"आता न्हाई टाकायची, सटवाजी."

"चौदा म्हैने चालली. आता विंग्रजी पापड आला तर सटवाजी वंगाळ झाला व्हय?" एवढं बोलून तो चपला न घालताच निघून गेला.

हे काही लहान प्रकरण नव्हतं. भुजंगजवळ बैल एक आणि सटवाजीजवळ एक. दोघांचे बैल जुंपून तिफण चालायची, आणि पेरणी दीड महिन्यावर आली होती.

"सोड ती पट्टी," भुजंग बायकोला म्हणाला. "टाकू दे त्याला चिमूटभर."

"आन पाय?"

"पाय गेला तर एकाचा जाईल. बैल फिरला तर रान पडीक पडंल."

"पट्टीला हात लावून तर बगा," कडूबाई म्हणाली आणि लाटणं घेऊन उंबऱ्यात बसली. रात्री तिनं पट्टीच्या वरच्या पापुद्र्यावरून ओलं बोट फिरवून बघितलं, तेव्हाच भुजंगला कळलं की हिच्या डोक्यात काहीतरी शिजायलंय.

सकाळी ती स्वतः सटवाजीच्या दारात गेली. "भावजी, चला. तुमची दवा लावा. निस्ती वरून लावा, त्या पापडातनं आत झिरपती म्हनं."

सटवाजीनं दोन बोटं तंबाखू खिडकीवर थापली. ते बघून धुरपताबाईनं शेजारी काजळ लावलं. कुणी चुना आणला, कुणी विडीची राख. दुपारपर्यंत पायाची रंगपंचमी झाली, आणि आतलं काही दिसेना म्हणून बघ्यांनी एकमेकांना शिव्या दिल्या. दिवेलागणीला कडूबाई दार लोटायची आणि ओल्या फडक्यानं खिडकी लख्ख पुसायची. गावाची माया वरच्या वर निघून जायची.

महिन्यानं जखम लिंबाएवढी राहिली. डॉक्टरनं पाय काढायचा शब्द मागं घेतला. मग बोराएवढी, मग ज्वारीच्या दाण्याएवढी, आणि मृगाच्या तोंडाला तिथं गुलाबी नवी कातडी आली.

डॉक्टर स्वतः कॅमेरा घेऊन गावात आला. पायाचे सहा फोटो काढले. सटवाजी प्रत्येक फोटोत वाकून आला.

"ओलीत जखम भरते, हे या पायानं दाखवून दिलं," डॉक्टर पारावर उभा राहून म्हणाला. "मी यावर लेख लिहिणार आहे. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांपुढं वाचणार आहे. हा विज्ञानाचा विजय आहे!"

"आदी वास मारला तंबाखूनं," सटवाजी शेजारच्याला सांगत होता. "मग भरायला येळ लागतोय व्हय!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणासाठी ते कुणीच विचारलं नाही.

जीपमध्ये बसताना डॉक्टरनं भुजंगचा हात हातात घेतला. "भुजंगराव, लेखात तुमचं नावही घालतो. आणखी काही हवंय का?"

भुजंगनं आधी मागं वळून सटवाजीकडं पाहिलं; पेरणी अजून व्हायची होती. मग दोन्ही पायांवर नीट उभा राहून तो जीपच्या खिडकीत वाकला आणि हळूच म्हणाला,

"सायेब, शेवटाला सटवाजीची तंबाखू बी लिवा की. बारीक अक्षरात चालंल."