भिंतीला गादी

दोघे भाऊ शेजारशेजारच्या घरांत राहत आणि एकमेकांशी बोलत नसत. भांडण कशावरून झालं हे आता कुणालाच धड आठवत नव्हतं, पण म्हणून मिटवायचं थोडंच असतं? मधली भिंत मात्र पातळ होती. सकाळी धाकटा खाकरला, की मगच थोरला चहाचा कप तोंडाला लावी. पलीकडून शिंक आली, की मनात म्हणे, गाढव कानाला काही बांधत नाही. असा त्यांचा अबोला अगदी सुखात चालला होता.

मग थोरल्याच्या बायकोने कुणाच्या तरी दिवाणखान्यात भिंतीवर ताणून बसवलेलं कापड पाहिलं आणि तिच्या मनाने घेतलं. सोफे शिवणारा कारागीर आला. लाकडी पट्ट्या ठोकायच्या, मध्ये जाड फोम, वरून कापड. भिंत झकास दिसेल आणि शेजारचा आवाजही बंद होईल, असं त्याने सांगितलं. थोरल्याला नेमकं तेच नको होतं. पण खरं कारण सांगायची सोय कुठे होती? सगळा राग नमुन्यांवर निघाला. रेघांनी डोकं दुखतं, फुलं फार होतात, निळा उदास, पिवळा भडक.

"तुम्हाला नक्की काय नकोय?" बायकोने विचारलं. तो पुन्हा नमुने चाळू लागला. शेवटी तिनेच तपकिरी मखमल पसंत केली.

मखमल लागली आणि घर मुकं झालं. थोरला भिंतीला कान लावून बसू लागला. बायकोने हटकलं, तर पोत बघतोय म्हणे. चहा रोज गार होई. धाकट्याला काही झालं तरी आता आपल्याला कळायचं नाही, या विचाराने त्याला अन्न गोड लागेना. अखेर एका सकाळी बायको बाजारात गेलेली पाहून तो कात्री घेऊन कोपरा उसवायला बसला. तेवढ्यात दार वाजलं.

दारात धाकटा उभा होता, पायात चप्पलसुद्धा नव्हती.

"दादा, तू रोज पेपर मोठ्याने वाचतोस, तो हल्ली ऐकू येत नाही. म्हटलं, आजारी पडलास की काय."

भिंतीकडे बोट दाखवून थोरला म्हणाला, "आत ये."

धाकट्याने आत येऊन भिंत दाबून पाहिली आणि असला मेला रंग कुणी निवडला म्हणून विचारलं. इतक्या वर्षांत थोरल्याला त्याचं बोलणं एवढं कधी पटलं नव्हतं.

बायको बाजारातून परतली तेव्हा दोघे भाऊ दोन बाजूंनी मखमल उसवत होते आणि पट्टी आधी काढायची की फोम, यावरून कडाकडा भांडत होते.